भिंतीतल्या विजेच्या तारेवरून इंटरनेट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा हॉलमध्ये टेलिफोनचा एक पॉइंट होता आणि त्यावर आपण खूश होतो. आज फायबर दारातून आत येते, राउटर टीव्हीशेजारी बसतो आणि मागच्या बेडरूममध्ये रेंज मिळत नाही. मध्ये विटांच्या दोन भिंती आणि आरसीसीचा कॉलम! परदेशातल्या नातवाचा व्हिडिओ कॉल अडकतो, ते एक वेळ सोडून देऊ. पण अंथरुणावरच्या माणसाला डॉक्टरांशी बोलण्यासाठी हॉलमध्ये कसे आणायचे?

यावर एक सोपा उपाय म्हणजे पॉवरलाइन ॲडाप्टर. याची जोडी मिळते. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावून छोट्या केबलने राउटरला जोडायचा, दुसरा मागच्या खोलीत. तिथून केबल कॉम्प्युटरला किंवा टीव्हीला. मोबाईलसाठी वाय-फाय देणारा ॲडाप्टरही मिळतो. मधला प्रवास भिंतीतल्या विजेच्या तारांवरून होतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तर हे संदेश लाखो-कोटी आवर्तनांचे. म्हणून एकाच तारेवर दोघे सुखाने नांदतात. कल्पना नवी नाही. उच्चदाबाच्या तारांवरून सबस्टेशनांचे आपसातले संदेश अनेक दशके जात आले आहेत. घरगुती वापरासाठी ‘होमप्लग’ हे मानक २००१ साली आले.

आता बँकवाल्याची सवय म्हणून बारीक अक्षरातल्या अटी सांगतो.

एक, ॲडाप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्पाइक गार्डमध्ये लावला, तर वेग फार घटतो.

दोन, घरात थ्री-फेज मीटर असेल, तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. फेज वेगळे असतील तर जोडणी मंदावते किंवा होतच नाही.

तीन, मिक्सर, मोबाईलचे चार्जर, काही एलईडी दिवे तारेवर गोंगाट करतात. त्यांच्या शेजारचे सॉकेट टाळा.

चार, दोन्ही ॲडाप्टरवरचे ‘पेअर’ बटण दाबून आपली स्वतंत्र जोडी करून घ्या. संदेश कधी कधी शेजारच्या घरापर्यंत पोचू शकतात. बटण दाबल्यावर ते खास आपल्या किल्लीने कुलूपबंद होतात.

पाच, खोक्यावरचा मोठा आकडा पाहून हुरळू नका. तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी कमी वेग मिळतो. व्हिडिओ कॉलला मात्र तेवढा बहुधा पुरतो.

टीव्हीच्या केबलचा पाइप मोकळा असेल, तर त्यातून नेटवर्कची केबल ओढणे केव्हाही उत्तम. पण त्यासाठी बीमला भोक पाडू नका, ही हात जोडून विनंती. इमारतीचे वय आता पंचवीस आहे. वायरिंगचेही तेवढेच! सॉकेट सैल असेल किंवा गरम होत असेल, तर आधी तो बदला, अर्थिंग तपासा. इंटरनेट नंतर.

शेवटी एक सूचना. हे यंत्र एका घरात उत्तम चालते, तर दुसऱ्या घरात रडते. लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून सोसायटीने एक जोडी विकत घ्यावी. लायब्ररीच्या पुस्तकासारखी वहीत नोंद करून सभासदांनी ती दोन दिवस घरी न्यावी. चालली तर स्वतःची घ्यावी, नाही तर पैसे वाचले. वही सांभाळायला मी तयार आहे.