तेल कोणते, आणि कशाच्या जागी?

अमुक तेल चांगले की वाईट, असे लोक आपल्याला, म्हणजे आहारतज्ज्ञांना आणि डॉक्टरांना, विचारतात आणि आपणही एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतो. ते तेल ताटात कशाच्या जागी आले, हे कळल्याशिवाय असे उत्तर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

रक्तातील चरबीचा पुरावा बराच पक्का आहे. संपृक्त मेद वाढला की यकृताची एलडीएल उचलण्याची क्षमता मंदावते. त्याजागी करडईचे वा शेंगदाण्याचे तेल आले की एलडीएल उतरते. पण मैदा आणि साखर आली, तर ट्रायग्लिसराइड चढतात. कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या नारळ खाल्ला, त्याचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मात्र ओल्या खोबऱ्यात तंतू असतात, बाटलीतल्या खोबरेलात ते उरत नाहीत. चाचण्यांच्या २०२० मधील एकत्रित विश्लेषणात इतर वनस्पतितेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढलेले दिसले. एचडीएलही वाढते हे खरे. पण औषधांनी एचडीएल वाढवून हृदयविकार टाळण्याचे मोठे प्रयोग फसले आहेत, त्यामुळे त्या वाढीवर मी विसंबणार नाही.

आतड्यातील जिवाणूंकडे वळले की हिशेब आणखी गुंततो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत २१७ निरोगी तरुणांना सहा महिने २०, ३० किंवा ४० टक्के ऊर्जा मेदातून मिळेल असा आहार दिला. भात आणि गव्हाच्या पिठाच्या जागी वाढवले ते सोयाबीन तेल, म्हणजे एलडीएलच्या दृष्टीने चांगले मानले जाणारे. तरीही ४० टक्क्यांच्या गटात आतड्याच्या अस्तराला पोसणारे ब्युटिरेट घटले आणि ते बनवणारे फिकॅलिबॅक्टेरियम कमी झाले. तिकडचे आकडे भाकरी खाणाऱ्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य. पण तिन्ही गटांत तंतू सारखेच होते, म्हणून हा बदल तंतूंच्या कमतरतेवर ढकलता येत नाही. शिवाय मेद पचवायला पित्त जास्त स्रवते, त्यातले थोडे मोठ्या आतड्यात पोचते आणि पित्त सोसणाऱ्या जिवाणूंचे फावते. ही प्रक्रिया प्रांत पाहून बदलत नाही.

या परिषदेत निबंध वाचणाऱ्यांना म्हणूनच यजमान या नात्याने आग्रहाची विनंती आहे: तेलाचे नाव घेताना ते कोणत्या अन्नाच्या जागी दिले, ऊर्जेचा किती वाटा त्यातून आला आणि सोबत तंतू किती होते, हे आधी सांगावे. ओले खोबरे, करडई आणि तूप यांवर रक्त व विष्ठा दोन्हींचे नमुने घेऊन चाचणी करायला जे तयार असतील, त्यांच्यासाठी दुपारच्या सत्रानंतर हे सभागृह खुले ठेवले आहे.