पदवीचा ताळेबंद
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा उत्पादनखर्च काढायला आपण शिकलो. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी, सगळं कागदावर मांडलं तेव्हा कळलं, की ज्याला आपण उत्पन्न म्हणत होतो तो तोटा होता. आज आम्ही दुसऱ्या एका पिकाचा हिशेब मांडायला उभे आहोत. हे पीक घराघरांत आहे, पंधरा-सोळा वर्षं चालतं आणि त्याचा खर्च कुणी लिहून ठेवत नाही. हे पीक म्हणजे लेकरांची पदवी.

आमच्याच घरापासून सुरुवात करतो. दोघा भावांत सोळा एकर कोरडवाहू. थोरला मुलगा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. आम्ही म्हणालो, 'शेतीत काय ठेवलंय? शीक, साहेब हो.' कोणता साहेब, कसा, किती वर्षांत, हे ना आम्ही विचारलं ना त्याने. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं, कारण तिथवर एस.टी. जात होती आणि फी कमी होती. विषय घेतले ते ज्यात जागा होत्या ते. तीन वर्षांनी पदवी हाती आली तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला, आता काय?

गावातले दोघे पुण्याला स्पर्धा परीक्षेला गेले होते, म्हणून हाही गेला. खोली, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला नऊ हजार, म्हणजे वर्षाला एक लाख आठ हजार. 2025-26 हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. त्या भावाने मांडा. तेरा क्विंटलहून जास्त कापूस झाला. एकरी चार क्विंटल धरले तर सव्वातीन एकरांचा सगळा कापूस, तोही खर्च वजा न करता. अशी पाच वर्षं गेली.

पोरगा आळशी नव्हता. पण जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, तिथे हुशार पोरंसुद्धा मागे राहणारच. त्यात राज्यसेवेची परीक्षा लेखी, वर्णनात्मक करायचं ठरलं. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि तो बदल 2025 पर्यंत पुढे गेला. परीक्षा पुढे ढकलता येते. पोराचं वय कुणाला पुढे ढकलता येतं?

दोन दिवाळ्या तो घरी आला नाही. आम्हाला वाटलं, अभ्यास असेल. खरं कारण नंतर कळलं. पारावर बसलेली माणसं 'काय रे, झालं का?' म्हणून विचारतील, याची त्याला भीती होती. मग एका संस्थेत लिपिकाची जागा असल्याचा निरोप आला. मागितलेली रक्कम दोन एकरांच्या किमतीएवढी होती. आम्ही जमीन विकायला काढली. पोरगाच म्हणाला, 'बाबा, वावर विकू नका. माझ्यापायी धाकट्याचंही जाईल.' त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा समजलं, की चूक पोराची नव्हती. हिशेब आम्ही केला नव्हता.

डी.एड.ची लाट आठवा. एका गावाने एकच वाण पेरावं तशी सगळ्यांनी पोरं-पोरी डी.एड.ला घातली. पुढे भरती थांबली, 2013 मध्ये राज्यात पहिली टीईटी झाली, आणि कितीतरी प्रमाणपत्रं पेटीत राहिली. शेजाऱ्याचं वाण बघून आपण बियाणं घेत नाही. आपली जमीन, आपला पाऊस बघतो. मग पोराच्या बाबतीत एवढं शहाणपण कुठे जातं?

पापळच्या शेतकरी घरातले डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेत शिकून बॅरिस्टर झाले आणि 1932 साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. शेतकऱ्याच्या पोराला कॉलेजचं दार उघडून दिलं, हे त्या पिढीचं मोठं काम. आपण पोरांना त्या दारातून आत पाठवलं. बाहेर कुठून पडायचं, हे मात्र पाहिलं नाही.

आमचा मुलगा आज एका जिनिंगमध्ये हिशेबाला आणि वजनकाट्यावर आहे. धाग्याची लांबी, ओलावा, क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई कशी निघते, हे तो तिथेच शिकला. आता गावाला सांगतो, कापूस वाळवून आणा, ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की खरेदीत भाव कापतात. ग्रेडरने बोटाने कापूस चाचपून भाव पाडला म्हणून आपण किती वेळा चिडलो! पण ते काम आपल्या लेकराने शिकावं, असं आपल्या मनात कधी आलं नाही. आपल्याच पिकातलं काम सापडायला त्याला दहा वर्षं लागली.

म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तोच अभ्यासक्रम तीन वर्षांपूर्वी पुरा केलेल्या दोघांना भेटा. आज काय करता, किती मिळतं, हे तोंडावर विचारा. संस्थेच्या जाहिरातीवर जाऊ नका.

दोन, आय.टी.आय.ला आणि पदविकेला कमी लेखू नका. आय.टी.आय. झालेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली काम शिकताना विद्यावेतन मिळतं, आणि पदवीधरालाही ती वाट आहे.

तीन, स्पर्धा परीक्षा जरूर द्यावी, पण किती वर्षं ते जाण्याआधीच घरात बसून ठरवावं. सोबत हाताला दुसरं एखादं काम असावं. आणि मुलगा असो की मुलगी, मुदत सारखीच द्यावी. पोराला पाच वर्षं आणि पोरीला स्थळ येईपर्यंत, हा न्याय नव्हे.

चार, लेकरू परत आलं तर त्याला 'काय झालं?' विचारू नका. 'जेवलास का?' एवढंच विचारा. बाकीचं ते आपल्या वेळेने सांगेल.

गावी जाल तेव्हा वही काढा. पदवीला किती वर्षं गेली, किती पैसे गेले, हाताला कोणतं काम आलं, ते लिहा. पोराला जवळ बसवून लिहा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. आम्ही आमची घेऊन येऊ.