जॅकपॉटचा हिशेब

मटक्याच्या नादातून लोकांना सोडवावे म्हणून १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. पण मोठ्या जॅकपॉटचे गणित कुठेही निष्ठुरच. ४९ आकड्यांतून सहा अचूक जुळवायचे, तर एका तिकिटाला संधी १,३९,८३,८१६ मध्ये एक. फर्दापूरजवळची अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी सुमारे २,२०० वर्षांपूर्वीची. तेव्हापासून दर आठवड्याला एक तिकीट घेतले असते, तरी आजवर बक्षिसाची शक्यता एक टक्काही भरली नसती.

कुणाला तरी लागतेच ना? लागते, पण पेपरात फोटो त्या एकाचाच येतो. पैसा सरकारी तिजोरीत जातो, हेही खरे. मात्र हातावर पोट असणाऱ्याला तो भार जड जातो. हौसेने एखादे तिकीट घ्या, उसनवारी करून कधीच नको.