विरोधी बाकावरचा हिशेबनीस



आजचा विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. विधिमंडळ, प्रश्नोत्तरे, लेखा समिती ही नावे ऐकली की सामान्य श्रोत्याला जांभई येते. पण आपण भरलेल्या कराचे पुढे काय होते, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला हा विषय परका नाही. सरकारी तिजोरीला हात लागला तर तो हात कोणी धरावयाचा, आणि धरणाऱ्याच्या हाती कोणती साधने असतात, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आपल्याकडे म्हण आहे की, राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागावी? लोकशाहीने या म्हणीतील निम्म्या भागाला उत्तर दिले. पावसाचे काही करता आले नाही. पण राजाने मारले तर दाद मागण्याची एक जागा तिने निर्माण केली. ती जागा म्हणजे सभागृहातील विरोधी बाक.

या बाकाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील हिंदी सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. मात्र त्यावर मतदान करता येत नव्हते, आणि उत्तर असमाधानकारक असले तरी उपप्रश्न विचारता येत नव्हता. अशा पांगळ्या अधिकारानिशी नामदार गोखले १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात उभे राहिले. सरकारने शिलकी अंदाजपत्रक मांडले होते आणि ती शिल्लक म्हणजे रयतेच्या भरभराटीची खूण, असा सरकारचा सूर होता. गोखल्यांनी सरकारचेच आकडे हाती घेतले. रुपयाचा भाव घसरला होता तेव्हा जे कर वाढविले, ते भाव सावरल्यावरही तसेच चालू ठेवले. ही शिल्लक त्यातून आली आहे, प्रजेच्या सुखातून आलेली नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मत एकही बदलणार नव्हते. तरी पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे हा भाबडेपणा होईल. परंतु हिशेब विचारणारा माणूस समोर बसला आहे ही जाणीव सत्तेच्या हाताला थोडा आवर घालते, हे त्या काळातही दिसून आले.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे येऊ. पहिले मोठे प्रकरण १९५७ सालचे, हरिदास मुंदडा यांचे. त्याच्या आदल्या वर्षी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते. २४५ विमासंस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. कारकुनाने, शिक्षकाने, गिरणीतल्या जॉबरने पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते त्या महामंडळाच्या तिजोरीत जमत होते. जून १९५७ मध्ये त्या तिजोरीतून सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेण्यात आले. ते सहा कंपन्यांचे होते आणि त्या सर्व कंपन्या मुंदडा या एकाच उद्योगपतीशी संबंधित होत्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी महामंडळाची स्वतंत्र समिती होती. व्यवहारापूर्वी तिला विचारलेही नाही.

हे उघडकीस कसे आले? एका साध्या प्रश्नाने. लोकसभेत याविषयी प्रश्न विचारले गेले आणि मिळालेल्या उत्तरांनी कोणाचे समाधान झाले नाही. मग १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोझ गांधी बोलावयास उभे राहिले. त्यांनी आवाज चढविला नाही. शेअरबाजारातले त्या दिवसांचे भाव त्यांनी सभागृहापुढे ठेवले, आणि महामंडळाने भावापेक्षा चढी किंमत का मोजली, कोणाच्या सांगण्यावरून मोजली, असे विचारले. हातच्या काकणाला आरसा लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची एकसदस्य चौकशी नेमावी लागली. ती मुंबईत, उघड्या दालनात, लोकांच्या डोळ्यांदेखत झाली. आत जागा पुरेना म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले! फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला. सचिवाने केले, मला ठाऊक नव्हते, ही ढाल मंत्र्याला वापरता येणार नाही. खात्यात जे घडते त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची, असे छागलांनी स्वच्छ सांगितले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

या कथेतील एक गोष्ट मुद्दाम आपल्या नजरेस आणतो. फिरोझ गांधी विरोधी पक्षाचे नव्हते. ते काँग्रेसचेच सभासद होते, आणि पंतप्रधानांचे जावई होते. तेव्हा विरोध हा केवळ बाकाचा प्रश्न नाही, तो वृत्तीचाही आहे. आज सत्ताधारी पक्षात असा माणूस शोधू जाल तर कठीण पडेल. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मत देण्याची वाट बंद केली. प्रश्न विचारण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही. पण पुढच्या निवडणुकीचे तिकीट ज्यांच्या हाती, त्यांना अवघड प्रश्न विचारावा कोणी? म्हणून पूर्वी दोन्ही बाजूंनी होणारे काम आता बहुतांशी विरोधी सभासदाच्या एकट्याच्या शिरावर आले आहे.

आणखी एक ऋण आपण फिरोझ गांधींचे मानले पाहिजे. सभागृहात सभासद निर्भयपणे बोलू शकतो. राज्यघटनेच्या १०५ आणि १९४ या कलमांनी त्याला ते संरक्षण दिले आहे. पण त्याचे बोलणे छापणाऱ्या वृत्तपत्राला संरक्षण नव्हते. १९५६ साली फिरोझ गांधींच्या विधेयकातून ते मिळाले. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला आणि १९७७ साली पुन्हा आला. यावरून एक ताळा बसतो: ज्याला हिशेब द्यावयाचा नसतो तो आधी प्रश्नकर्त्याचे तोंड बंद करत नाही, तो ऐकणाऱ्याचे कान बंद करतो.

दुसरे उदाहरण १९७४ सालचे. पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून एकवीस खासदारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले होते. सभागृहात विचारणा होताच एकामागून एक सभासद उठून म्हणू लागले, ही सही माझी नव्हे! तुलमोहन राम या सत्ताधारी पक्षाच्या खासदाराभोवती संशय गोळा झाला. केंद्रीय गुप्तचर विभागाने तपास केला. पण त्याचा अहवाल सभागृहापुढे ठेवण्यास सरकार तयार होईना. तेथे आपल्या पुण्याचे मधू लिमये उभे राहिले. निवडून आलेले बिहारातून, गोवामुक्तीसाठी पोर्तुगिजांच्या तुरुंगात राहून आलेले, आणि संसदेच्या नियमांचे पुस्तक अक्षरशः मुखोद्गत असलेले. त्यांनी आणि इतर विरोधी नेत्यांनी एकच हेका धरला: कागद दाखवा. अधिवेशनामागून अधिवेशन गाजले. शेवटी विरोधी नेत्यांना गुप्ततेच्या अटीवर ते कागद पाहू देणे सरकारला भाग पडले. विजय अपुरा होता, हे मान्य. पण तपासाचे कागद ही सरकारची खाजगी मालमत्ता आहे, या समजाला त्या दिवशी तडा गेला. २००५ साली माहितीचा अधिकार प्रत्येक नागरिकाला मिळाला, त्याच्या मागे अशा अनेक अपुऱ्या विजयांची रांग उभी आहे.

तिसरे उदाहरण आपल्या राज्यातले आहे. १९८१ साली सिमेंटवर नियंत्रण होते. घर बांधावयाचे तर परवाना, आणि परवान्यासाठी हेलपाटे. त्याच वेळी मुख्यमंत्री अंतुले यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानांना बांधकाम व्यावसायिकांकडून देणग्या मिळत होत्या. देणगी आणि सिमेंटचा कोटा यांचा परस्परांशी संबंध काय, असा सवाल वृत्तपत्रांनी केला आणि विरोधकांनी उचलला. सभागृहातले बहुमत सरकारचे होते. तेथे दाद लागेना. तेव्हा प. बा. सामंत, मृणाल गोरे आदी विरोधी पक्षांच्या मंडळींनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्यांच्या तारखा आणि सिमेंटवाटपाच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, आणि जानेवारी १९८२ मध्ये दोहोंत संबंध असल्याचा निर्णय दिला. मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. रामदास नायक यांनी दाखल केलेली फौजदारी फिर्याद हा वेगळा अध्याय. ती वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जात येत राहिली. तिच्यातून एक तत्त्व मात्र कायम झाले, की लाचलुचपतीची फिर्याद करण्याचा अधिकार साध्या नागरिकालाही आहे.

मंडळी, या तिन्ही कथांत आरोळी कोणी ठोकली? कोणीच नाही. एकाने बाजारभाव दाखविले, दुसऱ्याने कागद मागितला, तिसऱ्याने तारखा जुळविल्या. विरोधी सभासद हा लोकांनी नेमलेला हिशेबनीस आहे. हिशेबनीस ओरडू लागला की समजावे, त्याच्या वहीत काही लिहिलेले नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा आरोपांनी भ्रष्टाचाऱ्याचे काही बिघडत नाही. उलट दहा खोट्या आरोपांच्या गर्दीत अकरावा खरा आरोप सुखाने लपून जातो. कोणावर आक्षेप घ्यावयाचा तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आधी सूचना द्यावी, असा लोकसभेचा नियम आहे. तो आरोपकर्त्याला अभ्यास करावयास लावतो, म्हणून मला तो शहाणपणाचा वाटतो.

साधने आहेत. तारांकित प्रश्न आहे, कपातसूचना आहे, महालेखापालांचे अहवाल आहेत आणि ते तपासणारी लोकलेखा समिती आहे. १९६७ पासून संसदेच्या या समितीचे अध्यक्षपद विरोधी सभासदाला देण्याची प्रथा पडली. पहिले मानकरी मिनू मसानी, एके काळचे मुंबईचे महापौर. पण विहिरीवर पोहरा असून दोर आखूड असावा, तशी गत होत चालली आहे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०२४ साली संपलेल्या सतराव्या लोकसभेच्या अवघ्या २७४. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेताच नव्हता. महालेखापालांचा अहवाल सभागृहापुढे किती दिवसांत ठेवावा, याची मुदत राज्यघटनेत नाही. तेव्हा अहवाल अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी आला तर चर्चा करणार कोण? आणि विरोधकही निर्दोष नाहीत. सभागृह बंद पाडण्यात ज्याला पराक्रम वाटतो, तो मंत्र्याला न मागता सुट्टी देतो. तासभर गोंधळ झाला की त्या तासातल्या सर्व अवघड प्रश्नांतून सरकार सुटते.

शेवटी एक कटू गोष्ट बोलतो. ती आपणा सर्वांविषयी आहे. आपला आमदार निवडून आला की आपण त्याच्याकडे कशासाठी जातो? मुलाच्या नोकरीसाठी, भावाच्या बदलीसाठी, गल्लीतल्या रस्त्यासाठी. यातील काही मागण्या रास्त असतात, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या पुऱ्या करावयाच्या तर त्याला मंत्र्याच्या दारात उभे राहावे लागते. सकाळी ज्याच्यापुढे अर्ज घेऊन हात जोडले, त्याच्याकडे दुपारी सभागृहात बोट कसे रोखावे? आपण त्याला अर्जदार करतो आणि मग तो वाघ झाला नाही म्हणून हळहळतो. त्याने किती कामे आणली हे आपण मोजतो. किती प्रश्न विचारले, हे कोणी मोजत नाही.

म्हणून माझे मागणे लहानसे आहे. निवडणुकीनंतर आपला प्रतिनिधी गावात सत्काराला येईल, तेव्हा हार घाला, जरूर घाला. पण हार घालून झाल्यावर दोन गोष्टी विचारा: गेल्या अधिवेशनात आपण कोणता प्रश्न विचारला, आणि त्याला काय उत्तर मिळाले? सत्ताधारी असेल तर त्यालाही हेच विचारा. पहिल्या वर्षी तो चिडेल. दुसऱ्या वर्षी तयारी करून येईल. तिसऱ्या वर्षी तुम्ही विचारण्यापूर्वीच सांगू लागेल. ज्या गावात लोकप्रतिनिधीला हिशेब द्यावा लागतो, त्या गावाचा प्रतिनिधी सभागृहात हिशेब मागावयास कचरत नाही.