अंगावरून वारें गेलेलें मांजर

घरांतील वडील माणसाच्या अंगावरून वारें गेलें म्हणजे काय करावयाचें, हें बहुतेक कुटुंबांना ठाऊक असतें. डॉक्टर येतो, शेजारींपाजारीं बातमी लागते, रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या ठरतात. परंतु हाच आजार त्याच घरांतील मांजराला होऊं शकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या गांवींही नसते. मांजर पडलें म्हणजे ‘साप चावला असेल’, ‘नजर लागली असेल’, नाहीं तर ‘म्हातारें झालें, संपलें’ असें म्हणून लोक मोकळे होतात. षष्ठीदेवीचें वाहन म्हणून ज्याला मान, आणि ज्याची हत्या झाली तर काशीस जाऊन सोन्याचें मांजर दान करावें लागतें अशी समजूत, तें प्रत्यक्ष आजारी पडल्यावर मात्र सर्वांच्या विस्मृतींत जातें.

पोलादपुरास, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशीं, सावित्रीच्या बाजूचें एखादें कौलारू घर डोळ्यांपुढें आणावें. आषाढांतली सकाळ आहे. चुलीजवळ निजणारें बारा वर्षांचें मांजर उठतें, दोन पावलें टाकतें आणि डाव्या कुशीवर कोसळतें. पुन्हां उठतें, मान एका बाजूस कललेली, स्वतःभोंवतींच दोनतीन गिरक्या घेतें आणि भिंतीला धडकतें. मुलगा म्हणतो, “आई, ह्याचें आतां कांहीं खरें नाहीं. गोणत्यांत घालतों आणि नदीपलीकडे सोडून येतों.” आई म्हणते, “अरे, बारा वर्षें ह्या घरचे उंदीर राखले त्यानें. दोन दिवस तरी मला पाहूं दे.”

त्या माउलीनें मागितलेले दोन दिवस हेच अगदीं मोक्याचे असतात. मेंदूच्या एखाद्या भागास रक्त पोंचविणारी नलिका गुठळीनें बुजते किंवा फुटते, आणि तो भाग उपाशी पडतो. माणसांत आणि मांजरांत हा प्रकार मूलतः एकच. मात्र मांजराचें तोंड माणसाप्रमाणें एका बाजूस ओघळलेलें सहसा दिसत नाहीं. डोकें कलणें, बुबुळें आपोआप इकडून तिकडे हलणें, एकाच दिशेनें घिरट्या घालणें, एका बाजूचे पाय लटपटणें, कधीं आंचके येणें, हीं त्याचीं लक्षणें. झटका अकस्मात् येतो; आणि बहुतेक वेळां पहिल्या दिवसानंतर तो वाढत जात नाहीं. पहिले दोनतीन दिवस निभावले, तर पुष्कळ मांजरें पुढील दोनतीन आठवड्यांत चालूं लागतात. गोणत्याची घाई वाईट ती येवढ्यासाठींच.

पण पडलेलें प्रत्येक मांजर हें वारें गेलेलें मांजर नव्हे, आणि येथें कोंकणांतल्या घरांनीं विशेष सावध राहिलें पाहिजे. मण्यार चावली असतां पापण्या जड होतात, अंग सैल पडतें. परंतु तो सैलपणा घटकाघटकानें वाढतो आणि शेवटीं श्वासाचे स्नायू थकतात. तेथें वाट पाहणें म्हणजे प्राण गमावणें. दुसरा प्रकार हृदयाच्या रोगाचा: हृदयांत धरलेली गुठळी सुटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या फांट्यावर अडकते. मांजर वेदनेनें ओरडतें, मागील दोन्हीं पाय निर्जीव होतात, हातास गार लागतात, तळव्यांच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतात. हाही तातडीचाच आजार. तिसरा सर्वांत भयंकर. जबडा लुळा, लाळ गळते, आवाज बदललेला, आणि मांजर बाहेर भटकणारें, लस न टोंचलेलें. असें असेल तर पिसाळण्याचा रोग मनांत आणलाच पाहिजे. अशा मांजराच्या तोंडांत कोणीं बोट घालूं नये. ओरखडा किंवा चावा लागलाच, तर ती जागा साबण आणि वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुऊन लागलीच माणसांच्या दवाखान्यांत जावें. घरांतील लहान मुलांना ही ताकीद आधीं द्यावी, मांजराकडे मागाहून पाहावें.

उलट, कानाच्या आंतल्या भागांत बिघाड झाला तरीही डोकें कलतें, तोल जातो, बुबुळें नाचतात. आणि हा आजार बहुधा आपला आपणच ओसरतो. पशुवैद्याला देखील नुसत्या डोळ्यांनीं ह्या दोहोंतला भेद नेहमीं सांगतां येत नाहीं. मेंदूचें चुंबकीय चित्र काढलें तर खात्री पटते. पण त्यासाठीं मोठें शहर हवें, मांजराला भूल हवी, आणि खिशांत पैसाही हवा. खेड्यांतील पशुवैद्यांचा बहुतेक वेळ गाईम्हशींत जातो हें खरें; तरी मांजराचें हृदय ऐकणें, ताप पाहणें, रक्त तपासावयास पाठविणें हें त्यांच्या आटोक्यांतलें काम आहे. पुढें न्यावयाचें झालें, तर मुंबईस परळला १८८६ मध्यें सुरू झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि तेथेंच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें जुनें रुग्णालय आहे. महाडाहून वरंधा घाटानें भोरला उतरलें तर पलीकडे शिरवळचें पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. पण पावसाळ्यांत दरडींमुळें हा घाट बंद राहण्याची पाळी वारंवार येते, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर डोकें गरगरणाऱ्या जनावराचे काय हाल होतात, हें मोटार लागणाऱ्या कोणासही सांगावयास नको. तेव्हां प्रवास करावा कीं न करावा, हें आधीं जवळच्या डॉक्टरांना विचारून ठरवावें.

आतां घरची शुश्रूषा. पहिल्या दिवशीं मांजराला जितकी कमी ढवळाढवळ, तितकी बरी. माजघराचा अंधारा, कोरडा कोपरा धरावा. उथळ खोक्यांत जुनी गोधडी घालून वर मऊ धुवट कापड पसरावें. डोकें आणि छाती किंचित् उंच राहील अशी घडी खालीं द्यावी, मात्र मान मुडपूं नये. थंडी वाजत असेल तर गरम पाण्याची बाटली कापडांत गुंडाळून बाजूस ठेवावी. उघडी ठेवूं नये, कारण ज्या अंगाला कळत नाहीं तें अंग भाजलें तरी मांजर सरकत नाहीं. दर तीनचार तासांनीं कूस बदलावी. रात्रींही बदलावी लागते, आणि घरांतील कोणाचें प्रेम किती आहे तें येथें कळतें!

पाण्याचा चमचा तोंडांत ओतण्याची घाई सर्वांनाच होते. ती आवरली पाहिजे. गिळतां येत नसतां ओतलेलें पाणी फुप्फुसांत उतरतें, आणि झटक्यांतून वांचलेलें मांजर न्यूमोनियानें दगावतें. मांजर शुद्धीवर आहे, मान धरूं शकतें, ओठांना लावलेला थेंब चाटून गिळतें, हें दिसल्यावरच त्याला छातीवर बसतें करून, तोंडाच्या बाजूनें, थोडें थोडें भरवावें. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसांतून सुमारें २०० मिलिलिटर पाणी लागतें, त्यांत अन्नांतलें पाणीही आलें. दोनतीन दिवस पोटांत कांहींच गेलें नाहीं तर मांजराच्या यकृतांत चरबी भरूं लागते. लठ्ठ मांजरांत तर हा धोका फारच. म्हणून दुसऱ्या दिवशींही तें खात नसेल, तर नळीनें अन्न घालण्याविषयीं डॉक्टरांना विचारावें.

खावयास काय द्यावें, ह्याविषयीं आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मांजर म्हणजे दूधभात! वास्तविक वाढ झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधांतील साखर पचत नाहीं, हगवण लागते, आणि जें मांजर उठून जाऊं शकत नाहीं त्याला हगवण लागणें म्हणजे काय, हें अंथरूण धुणाऱ्या बाईलाच विचारावें. शिवाय टॉरिन नांवाचें एक द्रव्य मांजराच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें मांसमासळींतूनच यावें लागतें. त्याच्या अभावीं मांजराचें हृदय फुगून दुबळें होतें, हें अमेरिकेंत १९८७ मध्यें सिद्ध झालें. तेव्हां उकडलेली कोंबडी किंवा कांटे काढलेली ताजी मासळी कुसकरून, तिच्याच पाण्यांत पातळ करून द्यावी. घरांतलें कालवण नको, त्यांत कांदालसूण असतो आणि तो मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतो. सुकटबोंबलाचा वास मांजराला कितीही प्रिय असला तरी त्यांतलें मीठ ह्या आजारांत नको. नाकाला वास येत नसेल तर अन्न किंचित् कोमट करावें. थंड अन्नाकडे आजारी मांजर ढुंकूनही पाहत नाहीं.

औषधांच्या बाबतींत तर जपावें तितकें थोडें. घरांतील पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते. माणसाचें यकृत तें द्रव्य जसें निकामी करतें, तसें मांजराचें करूं शकत नाहीं. ॲस्पिरिनही त्याच्या शरीरांत दिवसचे दिवस रेंगाळतें. वारें गेलेल्या माणसाला तेल चोळण्याची आपली रीत आहे. पण मांजर अंगावरचें सर्व चाटून पोटांत घेतें, आणि कापूर, निलगिरी, विंटरग्रीन घातलेलीं तेलें त्याला विषासमान आहेत. मालीश कोरड्या हातानेंच करावी.

लघवीकडे रोज लक्ष ठेवावें. चोवीस तासांत थेंबही झाला नाहीं तर डॉक्टरांकडे जावें. आपल्या हातानें पोट दाबूं नये. विशेषतः बोक्याची मूत्रनळी बारीक असते, ती चोंदलेली असतां दाबलें तर मूत्राशय फुटण्याचा धोका असतो. राखेची किंवा वाळूची उथळ पाटी अंथरुणालगतच ठेवावी, म्हणजे शुद्धीवर आलेल्या मांजराचा संकोच थोडा तरी राहतो. हा शब्द कोणास हास्यास्पद वाटेल. पण स्वतःचें अंग चाटून स्वच्छ करतां येत नाहीं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेलें मांजर ज्यानें पाहिलें असेल, आणि ओल्या कोमट फडक्यानें तोंड, कान, शेपटीखालची जागा पुसल्यावर तेंच मांजर कसें डोळे मिटून घेतें हेंही पाहिलें असेल, तो हंसणार नाहीं.

तीनचार दिवसांनीं, डॉक्टरांची संमति घेऊन, पायांना व्यायाम द्यावा. प्रत्येक सांधा हलक्या हातानें दहा वेळां मिटावा, उघडावा. दिवसांतून तीन वेळां. पुढें पंचा पोटाखालून झोळीसारखा घेऊन त्याला उभें करावें. पाऊल उलटें पडत असेल तर सरळ करून टेंकवावें. आणि येथें एक मौजेची गोष्ट आहे. महाडांतल्या नव्या घरांतली गुळगुळीत फरशी ह्या कामीं अगदीं कुचकामाची. मांजराचे चारी पाय चार दिशांना जातात. पोलादपुराकडील शेणानें सारवलेल्या पडवींत त्याचीं नखें रुतून बसतात. फरशीच असेल तर गोणपाट पसरावें.

मांजर इतक्या लौकर कसें चालूं लागतें, ह्याचें उत्तर शास्त्रज्ञांनीं शोधलें आहे. लिव्हरपूल येथें शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेंत काम करणारे ग्रॅहम ब्राउन यांनीं १९११ मध्यें दाखविलें कीं, मेंदूपासून तोडलेला मांजराचा पृष्ठरज्जु एकटाच मागील पायांना चालण्याचा ताल देऊं शकतो. शेरिंग्टन यांना पुढें १९३२ मध्यें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. त्या प्रयोगांची किंमत मांजरांनींच मोजली, हें येथें सांगितलें पाहिजे. चालण्याचा ताल मेंदूच्या वरच्या भागावर माणसाइतका अवलंबून नसल्यामुळें तो लौकर परत येतो. तोलाचें मात्र तसें नाहीं. उंचावरून सोडलेलें मांजर हवेंत वळून पायांवर कसें उतरतें, ह्याचीं छायाचित्रें मारे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९४ मध्यें घेतलीं. तें कौशल्य आंतल्या कानाच्या आणि मेंदूच्या सहकार्यावर चालतें. तेंच बिघडलें असतां मांजर फळीवर, माळ्यावर चढूं पाहतें आणि धोंड्यासारखें खालीं येतें. माळ्याची शिडी महिनाभर काढून ठेवावी.

महाडकरांना ह्या शिडीचा दुसरा विचारही करावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री आणि गांधारी यांच्या पुरानें शहर बुडालें, तेव्हां धडधाकट मांजरें कौलांवर चढून वांचूं शकलीं असतील. अंथरुणावरचें मांजर चढूं शकत नाहीं. पावसाळ्यांत असें मांजर घरांत असेल तर त्याची झांकणाची टोपली दाराजवळ तयार असावी, आणि ती कोणीं उचलावयाची हेंही आधीं ठरलेलें असावें.

बरें झालेलें मांजर पुन्हां पडूं शकतें, कारण मूळ रोग बहुधा निराळाच असतो: मूत्रपिंडें थकलेलीं, गळ्यांतली थायरॉइड ग्रंथि वाढलेली, हृदय बिघडलेलें, किंवा रक्तदाब चढलेला. मांजराचा वरचा रक्तदाब १६० च्या पुढें राहूं लागला तर तो अधिक समजतात. १८० च्या पुढें डोळे आणि मेंदू धोक्यांत येतात. पुढच्या पायाला किंवा शेपटीला लहानशी पट्टी बांधून तो मोजतात, आणि त्यावर औषधही आहे. मांजर एकाएकीं आंधळ्यासारखें चालूं लागलें, बुबुळें काळींभोर विस्फारलेलीं राहिलीं, तर रक्तदाब त्याच दिवशीं पाहून घ्यावा. कांहीं मांजरें मात्र उठतच नाहींत. आठपंधरा दिवस झाले, गिळणें येत नाहीं, हांकेला कान हलत नाहीं, आंचके थांबत नाहींत, अशा वेळीं डॉक्टरांच्या सुईनें त्याला शांतपणें निजविणें हें नदीपलीकडे सोडून येण्यापेक्षां पुष्कळ दयेचें आहे.

पोलादपुरच्या त्या घरांत तिसऱ्या आठवड्यांत मांजर पडवीपर्यंत आलें, अशी कल्पना करूं. मान अजून कललेली आहे. ती बहुधा थोडी कललेलीच राहील. चुलीच्या उंचवट्यावर चढण्याचा त्याचा बेत दोनदां फसतो. मुलगा कांहीं न बोलतां मागील दारची एक वीट आणतो आणि पायरीसारखी तेथें ठेवतो. “सरळ ठेव रे,” आई आंतून म्हणते, “डगमगते ती.”