मार्गावरचीं नांवें

पालघर स्थानकावरून समुद्राच्या दिशेनें सुमारें साडेपांच मैल गेलें, म्हणजे माहीम लागतें. मुंबईचें नव्हे, केळव्याच्या शेजारचें. एके काळीं सारा तालुका याच माहीमच्या नांवानें ओळखला जाई. पुढें लोहमार्ग आला. १८६४ सालीं तो मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोंचला. पण माहीमला न शिवतां पालघरवरून गेला. कालांतरानें तालुक्यास पालघरचें नांव मिळालें आणि २०१४ सालीं जिल्ह्यासही. नकाशावरील एका रेघेनें एक नांव वाढलें, दुसरें मागें पडलें.

ज्यांच्या हातीं अशी रेघ असते, त्यांची आठवण आपण कशी ठेवतों? हा लोहमार्ग बांधणाऱ्या बी. बी. सी. आय. कंपनीच्या संस्थापकांत कर्नल फ्रेंच हे एक होते. ऑपेरा हाउसजवळ रुळांवरून जाणारा फ्रेंच ब्रिज त्यांच्या नांवाचा. ऐकणारास मात्र वाटतें, तो फ्रान्सच्या लोकांनीं बांधला असावा! त्याच कंपनीचे १८६५ ते १८७५ पर्यंतचे एजंट करी साहेब. त्यांचें नांव रस्त्यास मिळालें, आणि रस्त्यावरून जी. आय. पी. या दुसऱ्याच कंपनीच्या स्थानकास. संस्कृतज्ञांस त्यांत हत्तीही दिसेल! २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें या स्थानकास लालबाग हें नांव देण्यास मान्यता दिली. करी कोण, हें ठाऊकच नसेल, तर हळहळणार तरी कोण?

आज महामार्गांवर नवे उड्डाणपूल, नवे चौक होत आहेत. एखाद्या दिवंगत अधिकाऱ्याचें नांव त्यांस द्यावें, अशी सूचना कोठें कोठें होते. ती मला योग्य वाटते. कोनशिलेवर उद्घाटकाचें नांव कोरलें जातें. वर्षानुवर्षें राबलेला अधिकारी मात्र दप्तरांत हरवतो. परंतु केवळ नांव देऊन ऋण फिटत नाहीं. गांवाचें जुनें नांव पुसून दिलें, तर एका विस्मृतीच्या जागीं दुसरी येते, एवढेंच.

म्हणून स्थळाचें नांव राहूं द्यावें, आणि व्यक्तीच्या नांवाखालीं दोन ओळी लिहाव्यात: यांनीं काय केलें, हाच मार्ग कां निवडला, आणि त्यामुळें कोणतें गांव बाजूस राहिलें. माहीमच्या वाटेवर असा फलक लागला, तर शाळेस जाणारें मूल तेथें क्षणभर थांबेल, आणि आगगाडी आपल्या गांवापासून दूर कां, हें त्यास कळेल. नांव दिल्याचें सार्थक त्यांतच आहे.