हरिहरचा तो फोटो, आणि फोटोत नसलेला अर्धा तास

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर कॉलेज रोडला कुणाची तरी वाट बघत उभे असाल, जिथे असाल तिथे स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून ठेवतोय. बोललो तसंच आहे, फक्त मधले 'अं... म्हणजे...' काढलेत.

आजचा विषय डोंगरातले फोटो. त्यातही एका फोटोबद्दल मला काहीतरी कबूल करायचंय.

सुरुवात होते कॅलगरीपासून. माझी मामेबहीण कॅनडात कॅलगरीला असते, आम्ही तिला ताई म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात तिने फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला. निळंशार पाणी, म्हणजे रंगपेटीतलंच निळं, मागे बर्फाचे सुळके रांगेने उभे, आणि पुढे दगडावर ताई एकटी. मोरेन लेक. बॅन्फ नॅशनल पार्कमध्ये आहे. हे तळं तिकडे इतकं लाडकं, की १९६९च्या मालिकेतल्या वीस डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. ग्रुपवर मावश्यांच्या बदामांचा पाऊस पडला.

मी फोन लावला. म्हटलं, "ताई, काय नशीब आहे गं तुझं! एवढ्या मोठ्या डोंगरात एकटी!"

ती हसायलाच लागली. म्हणाली, "थांब, मागे वळून काढलेला पाठवते." दुसऱ्या फोटोत त्याच दगडांच्या ढिगावर माणसंच माणसं. प्रत्येक जण 'एकटा' फोटो काढायला नंबर लावून उभा. आणि तिथे स्वतःची गाडी नेताच येत नाही. २०२३ पासून खासगी गाड्यांना तो रस्ता बंद, आधी बसची सीट बुक करायची आणि त्या वेळेलाच जायचं. ताईने त्यासाठी किती दिवस आधी मोबाईल घेऊन बसून बुकिंग केलं, ते सगळं तिने सांगितलं. यातलं फोटोत काही नव्हतं.

मग ती म्हणाली, "पण तुझा तो हरिहरचा फोटो! मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. तो तर खरंच रिकामा आहे ना रे?"

मी गप्प झालो.

तर आता तो फोटो. हरिहर बऱ्याच जणांना माहितीये, रील्समुळे तर जास्तच. नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकलं की एका बाजूने हर्षेवाडी, दुसऱ्या बाजूने निरगुडपाडा, या दोन गावांतून वाट. उंची ३६७६ फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे काहीच नाही. पण शेवटी कातळात कोरलेल्या शंभरावर पायऱ्या आहेत, सरळ उभ्या. ऐंशी अंशाचा कोन म्हणतात, मी कोनमापक नेला नव्हता. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर आसपासचे किल्ले इंग्रजांकडे गेले, त्यात हाही होता. तेव्हा इथे आलेल्या कॅप्टन ब्रिग्जने या पायऱ्यांची तुलना चक्क भिंतीला लावलेल्या शिडीशी केली होती. याच किल्ल्याचा एक कडा १९८६ मध्ये डग स्कॉट या नावाजलेल्या ब्रिटिश गिर्यारोहकाने चढला, म्हणून त्याला स्कॉटिश कडा म्हणतात. एव्हरेस्ट चढलेला माणूस इथे येऊन दोर बांधत होता, आणि आपण चप्पल घालून जातो. असो.

माझा फोटो खालून वर काढलेला आहे. कोवळं ऊन, रिकाम्या पायऱ्या, वर दरवाजा, आणि मधोमध मी, मागे वळून दात काढतोय. फोनमध्ये वेळ दिसते, सकाळचे ७ वाजून ५२ मिनिटं. आम्ही पहाटे साडेचारला नाशिक सोडलं होतं, म्हणून रिकामं होतं. फोटो खोटा नाही हो. त्या मिनिटाला तिथे खरंच कोणी नव्हतं.

पण आम्ही उतरायला लागलो साडेअकराला. रविवार होता.

ज्यांनी हरिहर बघितला नाही त्यांना जरा नीट सांगतो. पहिल्या पायऱ्या चढल्या की महादरवाजा लागतो. त्यातून आत गेलं की कातळात खोदलेली अरुंद वाट, डोक्यावर दगड, बाजूला दरी, वाकून जावं लागतं. मग पुन्हा पायऱ्या. वर मारुती, महादेव, एक तळं, दारूगोळ्याची कोठी, आणि माकडं. माकडांपासून पिशवी सांभाळा, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज त्यांना तुमच्याआधी ऐकू येतो. तर चढायला आणि उतरायला वाट एकच, आणि पायऱ्या एका माणसापुरत्या. पायऱ्यांच्या कडेला हात घालायला खोबण्या आहेत, त्याच आधार. चढताना तोंड कातळाकडे असतं, त्यामुळे खाली काय आहे ते कळतच नाही. कळतं उतरताना.

आमच्या पुढे एक मुलगी होती, विशीतली, दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपमधली. दरवाजातून खाली पाच-सहा पायऱ्या उतरली, दरीकडे बघितलं आणि बसली. बसली ती हलेचना. रडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसतं "नाही, नाही, नाही" म्हणत होती. तिच्यावर आम्ही वीस-पंचवीस जण. खालून तेवढेच चढत येणारे. कोणीतरी मागून शिट्टी मारली. कोणी म्हणालं, "मॅडम, आमची बस आहे." मी तिच्या चार पायऱ्या वर, दोन्ही हात खोबणीत, आणि माझ्या पोटऱ्या शिवणयंत्रासारख्या थडथडत होत्या.

वर लिंबूसरबत विकणारा एक गावातला मुलगा होता. सोळा-सतराचा असेल. तो आमच्या बाजूने कसा खाली सरकला ते मला अजून कळलेलं नाही, तिथे जागाच नव्हती. तो तिच्या खाली जाऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, तिकडं नका बघू. तोंड भिंतीकडं करा. घरात शिडी उतरता ना, तसं. मी खाली हाय." मग खालच्यांना, "ओ दादा, मागं व्हा, खाली जाऊन थांबा. आधी ही लोकं उतरतील." आणि तिचा एकेक पाय हाताने धरून तो पायरीवर ठेवत गेला. "हा टेकला. आता हात खाली घ्या. आता दुसरा." प्रत्येक पायरीला हेच.

अर्धा तास लागला. खाली पोचल्यावर ती मुलगी मातीत बसली. तो मुलगा पाणीही न पिता पुन्हा वर निघाला, त्याची सरबताची बादली वर माकडांच्या हवाली होती ना. आम्ही सगळेच त्याच्या सांगण्याप्रमाणे कातळाकडे तोंड करून उतरलो होतो. त्याआधी मी पाठ टेकवून, बसत बसत उतरणार होतो. त्याचं नावही विचारलं नाही मी. याचा एकही फोटो नाही, हात मोकळे कुणाचे होते?

संध्याकाळी घरी आलो, आंघोळ केली, आणि पोस्ट टाकली. ७ वाजून ५२ मिनिटांचा फोटो. वर लिहिलं, 'निवांत रविवार.' खाली माझ्या आतेभावाने विचारलं, "अवघड आहे का रे दादा?" मी लिहिलं, "छे! कोणीपण जाऊ शकतं."

आता कबुली. आतेभाऊ तेव्हा एकोणीसचा, सिन्नरला राहतो. ऑगस्टमध्ये, भर पावसात, रविवारीच, चार मित्रांना घेऊन हरिहरला गेला. तळ गुळगुळीत झालेले बूट. उतरताना गर्दी, धुकं, वरून पाणी, मागून कुणाचा तरी धक्का, आणि तो घसरला. अगदी शेवटच्या तीन-चार पायऱ्या उरल्या होत्या, म्हणून आज मी हे हसत-बोलत सांगतोय. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल बुडालं.

मी भेटायला गेलो. आत्या रागवेल अशी तयारी करून गेलो होतो. तिने चहा केला, पोहे दिले. मग सहज म्हणाली, "तू लिहिलं होतंस ना कोणीपण जाऊ शकतं, ते त्याने दाखवलं मला. म्हणून सोडलं." बास, एवढंच. त्यापेक्षा तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी कपाटातून त्यांचा जुना अल्बम काढला. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली कळसूबाईची सहल, उसना कॅमेरा, छत्तीस फोटोंचा एक रोल. रोल आणि धुलाई मिळून खर्च एवढा, की प्रत्येक फोटो विचार करून. त्यांनी एक फोटो चिकटवलेल्या जागेतून अलगद सोडवला आणि उलटा केला. मागे निळ्या शाईत लिहिलं होतं: बारीहून पहाटे निघालो. वारा फार. शिडीपाशी धाकटा घाबरला. मीही.

समोरच्या बाजूला बाबा कंबरेवर हात ठेवून, एकदम हिरो. आणि मागे 'मीही'. मी चार वेळा उलटापालटा करून बघितला तो फोटो.

मी माझी पोस्ट काढून टाकली नाही. खाली लिहून टाकलं. फोटो किती वाजताचा आहे, परतताना काय झालं, मी किती घाबरलो होतो, आणि आतेभावाला दिलेलं उत्तर चुकीचं होतं, हेही. लाइक्स फारसे आले नाहीत. पण तीन-चार जणांनी मेसेज करून नेमके प्रश्न विचारले, त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. शक्य असेल तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारीच जमत असेल तर उजाडताना पायऱ्यांशी पोचा आणि गर्दी चढायला लागायच्या आत उतरा. भर पावसात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पावसाळा ओसरल्यावर जा, डोंगर तेव्हाही हिरवाच असतो. बुटाचा तळ बघून घ्या. पाठीला छोटी सॅक, हात मोकळे, फोन खिशात चेन लावून. उतरताना तोंड कातळाकडे. आणि पायरीवर कोणी बसलं तर शिट्टी मारू नका हो.

आता कोणी म्हणेल, मग आपल्याकडेही त्या मोरेन लेकसारखं करा, बुकिंग लावा, रस्ता बंद करा. माझं अजून ठरत नाही. त्या सरबतवाल्या मुलाचं घर रविवारच्या गर्दीवर चालतं, आणि त्याच्यासारखं कोणी तिथे असतं म्हणूनही बरीच माणसं धड खाली येतात. तुम्हाला काय वाटतं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा.

आणि हो, ताई डिसेंबरमध्ये येतेय. तिला हरिहरला जायचंच आहे. मी बुधवार ठरवलाय, हर्षेवाडीकडून. आतेभावाला विचारलं, "येतोस का?" त्याचं मनगट आता बरं आहे, गाडी चालवतो, क्रिकेटही सुरू झालंय. म्हणाला, "येतो की! गावात बसून पिठलं-भाकरी खातो. तुम्ही या उतरून."

चला, थांबतो. पुढच्या भागात भेटू.